हेज फंड: नावात ‘हेज’ आहे, मग एवढी जोखीम कुठून येते?

अर्धविराम

बाजार पडला की ‘हेज फंडांची विक्री’, बाजार उसळला की ‘हेज फंडांनी शॉर्ट कापले’, एखाद्या देशाचं चलन गडगडलं की त्यामागेही तेच. खापर फोडायला इतकं सोयीचं डोकं दुसरं नाही. ‘हेज’ म्हणजे कुंपण, जोखीम झाकणारं. पण हेज फंड म्हणजे नक्की काय असं विचारलं तर ‘श्रीमंतांचा म्युच्युअल फंड’ यापलीकडे सहसा उत्तर मिळत नाही. हे उत्तर चूक नाही, पण त्यातून हाती काहीच लागत नाही. म्हणून हा धागा.

गोष्ट सुरू होते १९४९ मध्ये, अमेरिकेत. आल्फ्रेड विन्स्लो जोन्स हा माणूस मुळात बाजारातला नव्हेच. कोलंबिया विद्यापीठातून समाजशास्त्रात डॉक्टरेट, मग ‘फॉर्च्युन’ मासिकासाठी लेखन. बाजाराची भाकितं करणाऱ्यांच्या नवनव्या पद्धतींवर त्यानं एक लेख लिहिला आणि त्याच सुमारास स्वतःच एक भागीदारी काढली. एक लाख डॉलर जमले, त्यातले चाळीस हजार त्याचे स्वतःचे. त्याचं गृहीतक साधं होतं: बाजार कुठे जाईल ते आपल्याला कळत नाही, पण दोन शेअरांतला बरा कोणता आणि वाईट कोणता हे कदाचित कळू शकेल. मग बाजाराच्या दिशेवर पैज न लावता फक्त या निवडीवर लावता येईल का?

त्यासाठी त्यानं दोन जुनी हत्यारं एकत्र वापरली. उधारीनं जादा शेअर घेणं हे एक, आणि शॉर्ट सेलिंग, म्हणजे उसने शेअर आधी विकून नंतर स्वस्तात परत घेणं, हे दुसरं. दोन्ही सट्टेबाजांची म्हणून बदनाम. आकडे घेऊन बघू (आकडे माझे, पद्धत जोन्सची). भांडवल १००. चांगले वाटले ते शेअर १३० चे घेतले, वाईट वाटले ते ७० चे शॉर्ट केले. बाजारात एकूण २०० गुंतलेत, पण बाजाराच्या दिशेशी बांधलेले फक्त ६०. आता बाजार १० टक्के पडला. निवड बरी असेल तर आपले शेअर समजा ७ टक्केच पडले आणि शॉर्ट केलेले १४ टक्के पडले. इकडे ९.१ चा तोटा, तिकडे ९.८ चा फायदा. बाजार दहानं खाली आणि आपण किंचित का होईना नफ्यात!

निवड उलटी पडली, म्हणजे आपले १४ टक्के पडले आणि शॉर्टवाले ७ च, तर तोटा १८.२ आणि फायदा ४.९. शंभरातले १३.३ गेले. नुसता निर्देशांक घेऊन बसलेल्या माणसापेक्षा वाईट अवस्था. हा दुसरा हिशेब जाहिरातीत सापडत नाही. बाजाराची जोखीम कमी केली की तिच्या जागी निवडणाऱ्याच्या अकलेची जोखीम येऊन बसते, आणि उधारीमुळे ती फुगते.

१९५२ मध्ये जोन्सनं नफ्यातले २० टक्के स्वतः घ्यायला सुरुवात केली. पुढे चौदा वर्षं बाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. १९६६ मध्ये ‘फॉर्च्युन’मध्येच कॅरल लूमिस यांनी लेख लिहून दाखवलं की आपले २० टक्के कापून घेतल्यावरही जोन्सचा फंड त्या काळच्या सर्वोत्तम म्युच्युअल फंडांना मागे टाकत होता. तिथून नाव पसरलं आणि नक्कल करणाऱ्यांची झुंबड उडाली. पण तेजीच्या दिवसांत शॉर्ट सांभाळणं म्हणजे स्वतःच्या कमाईला कात्री. पुष्कळांनी शॉर्ट सोडून दिले आणि उधारी तेवढी ठेवली. १९६९-७० च्या पडझडीत त्यातले बरेच बुडाले. नावातलं हेज तेव्हाच गळून पडलं होतं, वीस टक्के मात्र टिकले.

माझं म्हणणं असं, की आज ‘हेज फंड’ हे नाव पैसे *कशात* लावलेत ते सांगत नाही. ते करार सांगतं: कुणाला आत घेतात, व्यवस्थापकाला काय मिळतं, आणि तुम्हाला बाहेर कधी पडता येतं. बाकी आत शेअर असोत, रोखे असोत, गहू असो नाहीतर दिवाळखोर कंपन्यांची कर्जं. जाणकारांनी भर घालावी, खोडून काढावं.

तिरकस

थोडक्यात, जिंकलो तर वीस टक्के माझे, हरलो तर शंभर टक्के तुमचे. वाचतोय.

जमाखर्ची

तिरकस, अगदीच तसं नाही, पण फार लांबही नाही. :)

मी या फंडांच्या हिशेबाच्या बाजूला काम करते. फंड पैसे लावतो, आम्ही महिन्याच्या शेवटी एका युनिटचं मूल्य काढतो. त्यामुळे फीवर थोडं लिहिते, कारण खरी गंमत तिथेच आहे.

रूढ पद्धत ‘दोन आणि वीस’. एकूण मालमत्तेच्या दोन टक्के दरवर्षी, मग नफा होवो न होवो, आणि वर नफ्याचे वीस टक्के. आता सरासरी याच्या खाली आली आहे, पण बोलताना सगळे दोन-वीसच म्हणतात. फंडानं १० टक्के कमावले तर दोन आधी गेले, उरलेल्या आठाचे वीस टक्के म्हणजे १.६ गेले, हातात ६.४.

‘हरलो तर’ची सोय म्हणजे हाय वॉटर मार्क. मूल्य आधी जिथवर चढलं होतं ती खूण ओलांडेपर्यंत वीस टक्के लागू होत नाहीत. उदाहरण (दोन टक्के सध्या विसरा): १०० वर सुरू, पहिल्या वर्षी १२०. नफा २०, फी ४, मूल्य ११६. ही झाली खूण. दुसऱ्या वर्षी ९० वर आपटला. तिसऱ्या वर्षी ११० वर आला. वर्षभरात वीसची कमाई, तरी व्यवस्थापकाला फी शून्य, कारण ११६ अजून दूर. चौथ्या वर्षी १३० झाला की वरच्या १४ वर वीस टक्के, म्हणजे २.८.

कागदावर छान आहे. पण आता व्यवस्थापकाच्या जागी बसून बघा. फंड ११६ वरून ६० ला आलाय. खूण गाठायची तर जवळजवळ दुप्पट करायला हवं, तोवर वीस टक्क्यांचं नाव नको. हुशार पोरं दुसरीकडे बोनस घ्यायला निघून जातात. मग सोपा मार्ग काय? फंड बंद करायचा, पैसे परत द्यायचे, दोन वर्षांनी नव्या नावानं नवा फंड. खूण पुन्हा शून्यापासून. हे २००८ च्या आर्थिक संकटानंतर बरंच पाहायला मिळालं.

आणखी एक कटकट, जी आम्हालाच दिसते. वरच्या उदाहरणात कुणी ९० वर नव्यानं आत आला तर? त्याचे ९० चे ११० झाले, त्याला नफा झाला, त्याच्याकडून फी घ्यायला हवी. जुन्याकडून नाही. एकाच फंडात एकाच दिवशी दोघांचे हिशेब वेगळे. म्हणून दर महिन्याच्या नव्या पैशाची वेगळी मालिका ठेवतात आणि जुनी मालिका खुणेच्या वर गेली की ती मुख्य मालिकेत मिसळतात. म्युच्युअल फंडात सगळ्यांना एकच भाव मिळतो तसं इथे नसतं.

शेंडेफळ

जमाखर्ची ताई, मस्त समजावलंत. एक बाळबोध शंका: जे आपल्याकडे नाही ते विकायचं, हे कायदेशीर कसं काय? आणि शेअर उसना देणारा वेडा आहे का, आपलाच शेअर पाडायला देतोय?

पाऊलवाट

वेडा नाही, भाडं मिळतं त्याला. :) मोठे निर्देशांक फंड, विमा कंपन्या, पेन्शन फंड वर्षानुवर्षं शेअर धरून बसलेले असतात. ते ब्रोकरमार्फत उसने दिले की फी मिळते, वर तारण मिळतं, आणि भाव हलला की तारण रोज वरखाली होतं. लाभांश जाहीर झाला तर उसना घेणाऱ्याला तो भरून द्यावा लागतो. ज्याला पाच-दहा वर्षं विकायचंच नाही त्याला मधल्या पडझडीचं फारसं सोयरसुतक नसतं. हेज फंडाला हे सगळं एका खिडकीवर मिळतं, ती प्राइम ब्रोकरची: शेअर उसने, पैसे उसने, हिशेब, ताबा. बहुतेक वेळा मोठी बँकच असते.

धोका कुठे? घेतलेला शेअर फार तर शून्य होईल. शॉर्ट केलेला किती चढेल याला छत नाही. सगळ्यात जबरदस्त उदाहरण फोक्सवागनचं, ऑक्टोबर २००८. मंदीचे दिवस, गाड्या खपत नव्हत्या, बऱ्याच हेज फंडांनी फोक्सवागन शॉर्ट करून ठेवलेला. २६ ऑक्टोबरला, रविवारी, पोर्शेनं जाहीर केलं की आपल्याकडे ४२.६ टक्के शेअर आहेत आणि आणखी ३१.५ टक्क्यांवर रोखीत मिटणारे ऑप्शन (ठरलेल्या भावाला घेण्याचे हक्क). जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्याकडे वीसेक टक्के होतेच. बेरीज करा: बाजारात फिरायला उरले सहा टक्क्यांच्या आसपास, आणि शॉर्ट त्याहून जास्त! परत द्यायला शेअरच नाहीत. मिळेल त्या भावाला घ्या. मंगळवारी भाव हजार युरोंच्या वर गेला आणि जगातली सर्वांत मौल्यवान कंपनी काही काळ फोक्सवागन होती. जगभरात मंदी, आणि मंदीवालेच झोपले.

खडूस काका

हे सगळं ऐकून एवढंच कळलं की हा मोठ्या माणसांचा जुगार आहे आणि आपण त्याला विज्ञान म्हणायचं. ते नोबेलवाले आठवतात का कुणाला? गणितं मांडून बुडाले.

पाऊलवाट

काका, लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट. त्यावर लिहिणारच होतो.

१९९४ मध्ये जॉन मेरीवेदर यांनी काढला. सोबत मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन, दोघांना १९९७ चं अर्थशास्त्राचं नोबेल. गंमत अशी की हा फंड वरच्या बाळबोध अर्थानं खरोखरच ‘हेज’ करणारा होता. त्यांचा ठरलेला सौदा असा: अमेरिकी सरकारचा तीस वर्षांचा ताजा रोखा आणि सहा महिन्यांपूर्वी निघालेला जवळजवळ तसाच रोखा. कर्जदार एकच, मुदतीत नगण्य फरक, पण ताजा जरा महाग, कारण सगळ्यांना तोच हवा असतो. जुना घ्यायचा, ताजा शॉर्ट करायचा, आणि फरक मिटायची वाट बघायची. व्याजदर वर जावोत की खाली, दोन्ही रोखे एकत्रच हलणार.

पण हा फरक इतका बारीक की नुसत्या आपल्या पैशांवर त्यातून काही हाती लागत नाही. म्हणून उधारी. १९९८ च्या सुरुवातीला भांडवल पावणेपाच अब्ज डॉलरच्या आसपास आणि कर्ज सुमारे १२५ अब्ज. डेरिव्हेटिव्ह (दुसऱ्या कशाच्या तरी भावावर बेतलेल्या) करारांचा दर्शनी आकडा सव्वा लाख कोटी डॉलरच्या घरात. पंचवीस पट उधारीवर चार टक्के चुकलं की भांडवल साफ.

१७ ऑगस्ट १९९८ ला रशियानं कर्ज फेडायला नकार दिला. घाबरलेल्या जगाला फक्त ताजा, पटकन विकता येईल असा रोखा हवा झाला. मिटायचा तो फरक रुंदावला. त्या एका महिन्यात फंडाचं ४४ टक्के भांडवल गेलं. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेनं बड्या बँकांना एका खोलीत बसवलं, चौदा संस्थांनी मिळून ३.६ अब्ज डॉलर घातले आणि फंडाचा ताबा घेतला. सरकारी पैसा लागला नाही, हे नेहमी विसरलं जातं.

गणित चुकलं असं मला वाटत नाही. फरक अखेर मिटणार होताच. पण तोवर मार्जिन (उधारीपोटीचं तारण) भरत राहण्याची ताकद हवी, आणि तसेच सौदे दुसऱ्यांनीही केलेले असतील तर सगळे एकाच दारातून बाहेर पडायला बघतात, हे समीकरणात नव्हतं.

खडूस काका

म्हणजे गणित बरोबर, माणूस बुडाला. ठीक आहे. जुगारीही हेच सांगतो.

अर्धविराम

काका, :)

मूळ मुद्द्याकडे. कायद्यात हेज फंडाची व्याख्या आहे का, हे धुंडाळलं. अमेरिकेत हे फंड १९४० च्या इन्व्हेस्टमेंट कंपनी कायद्यातल्या अपवादांवर उभे आहेत. एक अपवाद शंभरापर्यंत गुंतवणूकदारांचा, दुसरा फक्त बड्या गुंतवणूकदारांचा, म्हणजे व्यक्ती असेल तर किमान पन्नास लाख डॉलरची गुंतवणूक बाळगणारी. म्युच्युअल फंडावरची उधारीची आणि रोज पैसे परत देण्याची बंधनं यांना लागू नाहीत, त्या बदल्यात सामान्य माणसाला दार बंद. म्हणजे कायदा हे काय *नाहीत* तेवढंच सांगतो. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशातही ‘पर्यायी गुंतवणूक निधी’ असा मोठा डबा आहे, त्यात हेज फंड, खासगी भांडवल, स्थावर मालमत्ता सगळं. भारतात सेबीनंही २०१२ मध्ये तसाच डबा केला, हेज फंडासारखे निधी त्याच्या तिसऱ्या वर्गात मोडतात.

व्याख्या सापडली ती एका फॉर्मात! २००८ नंतर, २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यामुळे, मोठ्या व्यवस्थापकांना अमेरिकी बाजार नियामकाकडे फॉर्म पीएफ भरावा लागतो. त्यात भरणाऱ्याला आपला फंड कुठल्या प्रकारचा ते ठरवावं लागतं. हेज फंड म्हणजे असा खासगी फंड, जो अजून विकून पदरात न पडलेल्या नफ्यावरही फी घेऊ शकतो, *किंवा* आपल्या निव्वळ मूल्याच्या निम्म्याहून जास्त उधारी करू शकतो, *किंवा* शॉर्ट करू शकतो. तिन्हींतलं एक पुरे. आणि ‘करू शकतो’, करायलाच हवं असं नाही. अट एवढीच की कागदपत्रांत तशी मुभा असावी.

जोखीम झाकतो की नाही हा प्रश्न त्यात कुठेच नाही. उलट, केवळ चलनाचा धोका झाकण्यासाठी शॉर्ट करत असाल तर ते मोजू नका असं म्हटलंय. म्हणजे खरोखर हेज करण्यासाठीचं शॉर्ट तुम्हाला हेज फंड ठरवत नाही. सरकारी फॉर्म लिहिणाऱ्यांना विनोदबुद्धी नसते हा समज मी मागे घेतो.

मुक्तछंद

+१. छान धागा. एक सौदा मीही लिहितो, कारण चर्चा शॉर्ट आणि रोख्यांवरच अडकलीय.

विलीनीकरणाचा सौदा. ‘क’ कंपनीनं जाहीर केलं की ‘ख’ चे शेअर ५० डॉलर रोख देऊन घेऊ. आदल्या दिवशी ‘ख’ चा भाव ३५ होता, घोषणेनंतर ४७ होतो. पन्नास का नाही? कारण सौदा फिसकटू शकतो: नियामक अडवेल, भागधारक नाही म्हणतील, कर्ज मिळणार नाही. ज्यानं ३५ ला घेतला होता तो खुशीत ४७ ला विकून मोकळा होतो, शेवटच्या तीन डॉलरसाठी सहा महिने कशाला झुरायचं? ते तीन डॉलर घ्यायला हेज फंड येतो. जमलं तर ३ मिळतात, मोडलं तर पुन्हा ३५, म्हणजे १२ जातात. पाचांत चार वेळा जमलं तर ना नफा ना तोटा. मग वकील लावून, नियामकांचे जुने निकाल वाचून, सौदा पाचांत चारहून जास्त वेळा जमेल का याचा अंदाज घेत बसायचं. बाजार चढला-पडला याच्याशी फारसा संबंध नाही, निदान चांगल्या दिवसांत. मंदीत सौदे घाऊक मोडतात आणि तेव्हा संबंध जडतो.

मला हा धंदा विम्यासारखा वाटतो. दुसऱ्याची धाकधूक विकत घ्यायची आणि तिचं भाडं खायचं.

खडूस काका

विमा म्हणे. अर्जेंटिनाच्या आरमाराचं जहाज जप्त केलं ते कुठल्या विम्यात बसतं?

मुक्तछंद

काका, ती बुडीत कर्जांची शाखा. :) २००१ च्या शेवटी अर्जेंटिनानं कर्ज बुडवलं. बहुतेक धनकोंनी पुढे मोठी सूट देऊन नवे रोखे घेतले. काही फंडांनी मात्र जुने रोखे मातीमोल भावात गोळा केले आणि पूर्ण रकमेसाठी न्यूयॉर्कच्या कोर्टात गेले. त्यांत एलियट या फंडाची उपकंपनी पुढे होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिनं घानाच्या तेमा बंदरात अर्जेंटिनाचं ‘लिबर्ताद’ हे प्रशिक्षण जहाज कोर्टाच्या हुकमानं अडकवून ठेवलं, शिडांचं जहाज, खलाशांसकट. डिसेंबरमध्ये समुद्री कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं ते सोडायला लावलं. पण २०१६ मध्ये अर्जेंटिनानं तडजोड केली आणि त्या फंडाला सव्वादोन अब्ज डॉलरहून जास्त मिळाले. गिधाड फंड हे नाव अशांवरूनच. नैतिक की अनैतिक यावर वेगळा धागा काढा, इथे शंभर प्रतिसाद होतील.

तिरकस

काढू नका. खरा प्रश्न: एवढं सगळं करून हे लोक कमावतात का? गुंतवणूकगुरू वॉरन बफे साहेबांनी हेज फंडांविरुद्ध पैज जिंकली होती ना?

पाऊलवाट

जिंकली, आणि दणक्यात. २००८ ते २०१७, दहा वर्षं. बफे यांच्या बाजूला अमेरिकेतल्या पाचशे बड्या कंपन्यांचा साधा निर्देशांक फंड, समोर प्रोटेजे पार्टनर्सनं निवडलेले पाच ‘फंडांचे फंड’, म्हणजे प्रत्येकात अनेक हेज फंड. निर्देशांक १२५.८ टक्के वाढला. पाचांतला सर्वांत चांगला ८७.७, आणि सर्वांत वाईट २.८, तोही दहा वर्षं पुरी व्हायच्या आत गुंडाळला गेला.

जमाखर्ची

ही पैज मला अर्धीच पटते. फंडांच्या फंडात फी दोनदा लागते, एकदा आतल्या व्यवस्थापकाची, एकदा निवडून देणाऱ्याची. त्यामुळे हरणं जवळपास ठरलेलं होतं. शिवाय पहिल्याच वर्षी, २००८ मध्ये, निर्देशांक ३७ टक्के पडला तेव्हा हे पाच फंड सरासरी २४ च्या आसपास पडले होते. पेन्शन फंडाला दर महिन्याला पेन्शन द्यायची असते, त्याच्यासाठी तो फरक खरा आहे. त्याला सर्वांत जास्त परतावा नको असतो, शेअरांबरोबर न पडणारं काहीतरी हवं असतं.

पण मग पेन्शन फंडानं विचारायला हवं की ‘न पडणारं’ खरंच मिळालं का. २४ टक्के पडणं म्हणजे न पडणं नव्हे. आणि त्याच वर्षी कित्येक फंडांनी दार लावून घेतलं: एका वेळी अमुक टक्क्यांहून जास्त पैसे बाहेर जाणार नाहीत, ही मुभा कराराच्या कागदावर असतेच. ज्या वर्षी पैसे लागतात त्याच वर्षी ते मिळत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडानं २०१४ मध्ये सुमारे चार अब्ज डॉलर हेज फंडांतून काढून घ्यायचं जाहीर केलं, कारण दिलं किचकटपणा आणि खर्चाचं. दुसऱ्या बाजूला धंदा काही आटला नाही, आज एकूण मालमत्ता चार लाख कोटी डॉलरच्या वर आहे.

सरासरीच्या आकड्यांवरही फार विसंबू नका. ही सरासरी ज्या यादीवरून काढतात तीत नाव देणं ऐच्छिक असतं. चांगली दोन वर्षं गेली की फंड यादीत येतो आणि जुने आकडे मागाहून भरतो, बुडाला की कळवणं बंद करतो. जगलेल्यांचीच सरासरी निघते.

शेंडेफळ

आणि तो लोकांचे पैसे बुडवणारा घोटाळेबाज मॅडॉफ? तोही हेज फंडच ना?

जमाखर्ची

नाही, आणि हे सांगायला मला फार आवडतं. मॅडॉफचा धंदा ब्रोकर कंपनीच्या आतून चालायचा, ग्राहकांची खाती त्याच्याकडे. हेज फंड होते ते त्याला पैसे आणून देणारे, फीडर. ते आपल्या गुंतवणूकदारांकडून फी घ्यायचे आणि पैसे सरळ मॅडॉफच्या हवाली करायचे. तो स्वतः दोन-वीस मागत नव्हता, म्हणे फक्त ब्रोकरेजवर भागतं. एवढा परतावा देणारा माणूस वीस टक्के सोडतो, इथेच पाल चुकचुकायला हवी होती.

खरं भोक होतं ते ताब्याचं. सौदे करणारा तो, शेअर ‘सांभाळणारा’ तो, विवरणपत्रं छापणारा तो. आमच्यासारखं तिऱ्हाईत कुणी मधे नाही, लेखापरीक्षक एक चिमुकली फर्म. नीट चालणाऱ्या फंडात सौदा व्यवस्थापक करतो, शेअर आणि पैसे प्राइम ब्रोकरकडे किंवा कस्टोडियनकडे असतात, आणि आम्ही त्यांच्याकडून थेट याद्या मागवून व्यवस्थापकाच्या वहीशी ताडून बघतो. दोन याद्या जुळल्या नाहीत तर महिन्याचं मूल्य बाहेर जात नाही. डिसेंबर २००८ मध्ये हा घोटाळा उघडा पडल्यानंतर बड्या गुंतवणूकदारांचा पहिला प्रश्न ‘परतावा किती’ हा न राहता ‘माल कुणाच्या ताब्यात’ हा झाला.

अर्धविराम

याच रांगेत आर्केगॉस. मार्च २०२१ मध्ये कोसळला तेव्हा मथळ्यांत सर्रास हेज फंड म्हटलं गेलं. प्रत्यक्षात बिल ह्वांग यांचं कौटुंबिक कार्यालय, म्हणजे घरचाच पैसा गुंतवणारी संस्था, बाहेरचा एकही पैसा नाही, म्हणून फॉर्म पीएफही नाही. शेअर स्वतःच्या नावावर न घेता बँकांशी स्वॅप करार: भाव चढला तर बँक देणार, पडला तर हे देणार. शेअर बँकेच्या नावावर, त्यामुळे मालक जगाला दिसत नाही, आणि एका बँकेला दुसरीकडे किती आहे ते दिसत नाही. क्रेडिट स्विसला एकट्याला साडेपाच अब्ज डॉलरच्या आसपास फटका बसला.

म्हणजे मॅडॉफ हेज फंड नव्हता, आर्केगॉसही नव्हता, दोन्ही बदनामी मात्र हेज फंडांच्या खात्यावर.

खडूस काका

लाँग टर्म होता ना? मग झालं.

शेंडेफळ

शेवटची शंका, मग गप्प बसतो. सर्वांत चांगला हेज फंड कुठला आणि त्यात पैसे घालायला किती लागतात? (माझ्याकडे नाहीत, नुसतं विचारतोय.)

पाऊलवाट

मेडॅलियन. जिम सायमन्स या गणितज्ञाच्या रेनेसान्स टेक्नॉलॉजीजचा, १९८८ पासूनचा. फी दोन-वीस नाही, पाच आणि चव्वेचाळीस! एवढं कापूनही १९८८ ते २०१८ या काळात वर्षाला सरासरी ३९ टक्क्यांच्या आसपास हातात पडले.

किती लागतात याचं उत्तर: कितीही असले तरी चालत नाहीत. १९९३ पासून नवे बाहेरचे पैसे बंद, आणि २००५ पर्यंत जुन्या बाहेरच्यांनाही पैसे परत देऊन मोकळं केलं. आता कर्मचारी आणि आतली माणसंच.

कारण साधं आहे. भावातल्या बारीक, थोडा वेळ टिकणाऱ्या विसंगतींवर हा फंड जगतो. जास्त पैसे घेऊन गेलात तर तुमच्याच खरेदीनं भाव हलतो आणि विसंगती मिटते. म्हणून फंड दहाएक अब्ज डॉलरच्या आसपास धरून ठेवतात, वरचा नफा दरवर्षी काढून वाटतात. बाहेरच्यांसाठी त्याच कंपनीचे वेगळे फंड आहेत, सौदे जास्त काळ धरणारे. २०२० मध्ये त्यांतला मुख्य शेअर फंड सुमारे २० टक्के पडला. त्या वर्षी मेडॅलियन भरघोस वर होता.